चढावरची घरं

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव पगाराच्या कागदापलीकडे कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. लहानपणी शाळेत बाकावर बसवली की थोड्याच वेळात तिचे पाय हलायला लागत, मग बाक हले आणि शेजारणीच्या वहीत रेघ वाकडी उमटे. शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभी केली, तर ही तेवढ्यात सगळ्या शाळेला चक्कर मारून यायची. "हिच्या पायाला भिंगरीच बांधून पाठवलीय देवानं," असं आई वैतागून म्हणायची, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नानंतर नवऱ्याने ते कौतुकाने उचललं, सासूबाईंनी नाइलाजाने, आणि पाणीपुरवठा खात्यातल्या लोकांनी तिचं काम बघून.

काम होतं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर बघण्याचं. तिच्या वाट्याला शहराचा तो जुना भाग आला होता ज्याला सगळे नुसतं 'चढ' म्हणत. टेकडीच्या अंगावर एकमेकांना टेकून उभी असलेली घरं, त्यांच्या मधून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटा, आणि एकाची गच्ची म्हणजे वरच्याचं अंगण. बाकीच्यांना तिथली नेमणूक शिक्षा वाटायची. भिंगरीला वाटलं, आपलं नशीब उघडलं. तिथले मीटर बसवणाऱ्याने काय डोकं चालवलं होतं देव जाणे. कुणाचा जिन्याखाली, कुणाचा मोरीत, तर कुणाचा थेट झोपायच्या खोलीत कपाटामागे. त्यामुळे दारातूनच काम उरकणं शक्य नव्हतं. "पाण्याचं मीटर! कुणी आहे का घरात?" अशी हाक मारायची, आत शिरायचं, वाकून टॉर्च मारायचा, आकडा हातातल्या यंत्रात टिपायचा, की बाहेर. मिनिटभराचं काम. पण त्या मिनिटभरात डोळे काही खिशात घालून ठेवता येत नाहीत. कुणाच्या ओट्यावर काय चिरून ठेवलंय, कुणी नवा पडदा लावलाय, कुणाच्या घरात रुसवाफुगवी चाललीय, हे सगळं तिला न बघता दिसायचं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्याइतका वेळ ती एका जागी थांबतच नव्हती.

मग टेकडी सरकायला लागली. आधी चढावरच्या घरांची दारं नीट लागेनाशी झाली. लोकांनी सुताराला बोलावून ती तासून घेतली. मग भिंतींना भेगा पडल्या, त्या बुजवल्या, त्या पुन्हा पडल्या. एका सकाळी वरच्या घराची गच्ची खालच्याच्या अंगणात येऊन बसली. कुणाला इजा झाली नाही एवढंच. त्यानंतर सगळा चढ रिकामा करण्याचा हुकूम निघाला. लोकांना उचलता येईल तेवढं सामान घेऊन शहराच्या चार टोकांना नव्या इमारतींत पाठवलं, भोवती पत्र्याचं कुंपण ठोकलं, आणि गेटवर पहारेकरी बसवला.

भिंगरीचे सगळे मीटर एका फटक्यात गेले. दुसऱ्या भागांत आपोआप आकडा कळवणारे नवे मीटर बसले होते, त्यामुळे तिथे फिरतीची गरजच उरली नव्हती. खात्याने तिला तक्रार विभागात खुर्ची दिली. समोर काचेची खिडकी, खिडकीला खाली अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून दिवसभर येणारे लोकांचे आवाज. पाणी कमी येतं, पाणी गढूळ येतं, शेजाऱ्याकडे येतं नि आमच्याकडेच येत नाही. खुर्ची चांगली होती, गुबगुबीत, चाकांची. भिंगरी तीवर बसल्या बसल्या पाय हलवायची आणि खुर्ची हळूहळू सरकत टेबलापासून लांब जायची. तक्रार करणारा खिडकीतून हात लांब करून ओरडायचा, "अहो बाई, कुठं चाललात?"

घरीही तेच. तिचा नवरा पावाच्या भट्टीवर कामाला होता. शांत माणूस. कणीक फुगायला ठेवून तिच्याकडे बघत बसण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे वाट बघणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. तो म्हणायचा, "अगं, जरा टेक ना. तुला बघूनच मला दम लागतो." ती टेकायची, की लगेच उठून खिडकी उघडायची, ती लावायची, भांडी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला मांडीवर घेऊन थोपटा कुणीतरी." संध्याकाळी ती काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायची आणि पाय तिला बरोबर त्या पत्र्याच्या कुंपणापाशी न्यायचे. आत सोडत नव्हतेच. पत्र्यांच्या फटीतून पहिल्या पायऱ्या तेवढ्या दिसायच्या. ती एका फटीतून बघायची, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. पहारेकरी शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं काही आत राहिलंय का?" ती पुढच्या फटीकडे सरकली. तिचं स्वतःचं घर तिथे कधीच नव्हतं.

त्याच सुमारास खात्याने आपल्या माणसांना कॉम्प्युटरच्या क्लासला धाडलं. क्लास घेणारी एक तरुण मुलगी होती, जाड चष्म्याची, भराभर बोलणारी. तिला आपण चष्मेवाली म्हणू, कारण भिंगरीही तेच म्हणायची. पत्रं टाइप करायला आणि तक्ते भरायला शिकवून झाल्यावर चष्मेवालीने गंमत म्हणून एक प्रोग्राम दाखवला. तिचा भाऊ त्यावर दुकानांचं फर्निचर आखायचा. भिंत ओढायची, दार कापायचं, जिना टाकायचा. बाकी सगळे जांभया देत घरी गेले. भिंगरी तिथेच बसून राहिली आणि तिने एक जिना केला. मग त्या जिन्याखाली एक मीटर केला. मग जिन्याला लागून मोरी, मोरीच्या खिडकीत उलटी घातलेली बादली.

"हे कुणाचं घर?" चष्मेवालीने विचारलं.

"शिंप्याचं."

"छान आहे. यात चालता येईल असं करू का?"

पुढच्या वेळी चष्मेवालीने तो जिना एका खेळ बनवायच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून आणला. बाणाचं बटण दाबलं की पडदा पुढे सरकायचा, जणू आपणच चालतोय. भिंगरी शिंप्याचा जिना चढून वर गेली, वळली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग चष्मेवाली म्हणाली, "तुमचा पाय थांबलाय." भिंगरीने टेबलाखाली बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवल्यासारखे स्वस्थ पडले होते.

तिथून तिला जे वेड लागलं त्याला नाव नाही. खुर्चीवर बसून ती तक्रारी ऐकायची आणि मनात न्हाव्याच्या घरातली फळी कुठल्या भिंतीला होती ते आठवायची. घरी आली की नवऱ्याच्या मित्राकडून आणलेल्या जुनाट कॉम्प्युटरसमोर. एक घर झालं की दुसरं, दोन घरांमधली वाट, वाटेतली गटारावरची फरशी. चष्मेवाली रविवारी येऊन आतलं यंत्रतंत्र जुळवून द्यायची. पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून सगळं घरातलंच वापरलं. भिंतींसाठी भिंगरीने आपल्या मोरीच्या भिंतीचे फोटो काढले, त्यामुळे चढावरच्या प्रत्येक घरात ओल एकाच आकाराची आली, कुठे सरळ, कुठे उलटी. आवाजाचं खातं नवऱ्याकडे होतं. मैद्याचं पोतं जमिनीवर आपटलं की मातीवरचं पाऊल, पावाचे रिकामे ट्रे एकावर एक ठेवले की पत्र्यावरचा वारा, भट्टीचं दार ओढलं की कुठलंही जुनं दार. तो माणूस सुट्टीच्या दिवशी फोन छातीशी धरून भट्टीवर पोतं आपटत बसायचा. मालकाने विचारलं तर म्हणायचा, "बायकोला चालायला पावलं लागतात."

माणसं मात्र जमली नाहीत. चष्मेवालीने एकदा प्रयत्न केला, पण तिने केलेला शिंपी सोललेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला आणि भिंतीतून आरपार चालत गेला. सासूबाई घाबरून उठल्या. तेव्हा ठरलं, माणसं नकोत. लांबवरचं दाखवायला गेलं की कॉम्प्युटर गरम होऊन बंद पडायचा, म्हणून सगळीकडे धुकं घातलं. आणि असा तो खेळ तयार झाला. तुम्ही मीटर बघणारे. धुक्यातून पायऱ्या चढत जायचं, दाराशी हाक द्यायची, आत जायचं. घरात आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं. खुर्ची तिरकी सरकलेली, नळ ठिबकतोय, ओट्यावर अर्धा चिरलेला कांदा. मीटर शोधायचा, आकडा बघायचा, पुढच्या घरी जायचं. ना शत्रू, ना गुण, ना जिंकणं, ना हरणं. खेळाचं नाव ठेवलं 'कुणी आहे का?'

सासूबाईंनी तो खेळून बघितला. नाकाशी पडदा घेऊन त्या तीन घरं हिंडल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरात अशी चप्पल घालून काय शिरतेस गं?"

"आई, हा खेळ आहे."

"असेल. पण घर दुसऱ्याचंच ना?"

भिंगरी हसली आणि पुढचं घर करायला बसली.

चष्मेवालीने खेळ इंटरनेटवर ठेवला, पावाच्या लादीएवढ्या किमतीला. सुरुवातीला कुणी ढुंकून बघितलं नाही. मग कुठल्याशा परक्या शहरातल्या एका मुलीने तो खेळतानाचा व्हिडिओ टाकला. ती बोलत काहीच नव्हती, नुसती धुक्यातून चालत होती. लोकांनी खाली लिहिलं, धुकं काय कमाल आहे. लिहिलं, माणसं न दाखवण्यातच सगळी जादू आहे. लिहिलं, भिंतीवरच्या त्या एकाच डागाचा अर्थ कुणी सांगेल का? नवरा म्हणाला, "सांग त्यांना, आपली टाकी गळते."

आणि मग चढावरच्या लोकांना पत्ता लागला. पहिला फोन शिंप्याचा. "पोरी, माझ्या जिन्याची तिसरी पायरी उंच होती. ठेच लागायची. तू ती तशीच ठेवलीस." न्हाव्याची बायको फोनवर रडली आणि मग रागावली की तिच्या ओट्यावर कांदा का, ती ओटा कधी असा ठेवत नसे. कुणी विचारलं, आमचं घर कधी येणार? भिंगरीचा जीव एवढा मोठा झाला. पण स्वस्थता मात्र आली नाही. आठवतंय तोवर सगळं उतरवलं पाहिजे, नाहीतर निसटेल, अशी हुरहुर लागली. जेवताना मध्येच हात थांबायचा, ती उठायची, एक खिडकी नोंदवून यायची. नवऱ्याने तिच्या ताटावर ताट झाकायची सवय लावून घेतली.

असं सगळं चाललेलं असताना एका सकाळी तक्रारीच्या खिडकीपुढे मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

चढाच्या मधल्या अंगाला त्यांचं घर होतं. निवृत्त शिक्षिका, ताठ बांध्याच्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. अर्धा चढ त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या नवऱ्याला सगळे सर म्हणत. भिंगरी त्यांना बघून खुर्चीतून उठलीच. "बाई! बसा ना. पाणी येत नाही का?"

"पाणी येतं. तक्रार लिहून घे."

"कशाची?"

"तुझी."

मागे रांग होती. भिंगरीने शेजारणीला खिडकी सांभाळायला सांगितली आणि बाईंना बाजूच्या फाइलींच्या खोलीत नेलं. तिथे बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "माझ्या घरात मीटर कुठे होता?"

"सामानाच्या खोलीत."

"आणि त्या खोलीत काय होतं?"

भिंगरीला क्षणात सगळं दिसलं, नेहमीसारखंच. "एक खाट होती. वर चादर, घडी घातलेली. पाण्याचा तांब्या. कोपऱ्यातल्या फळीवर छोटा रेडिओ. सरांचा चष्मा."

"ते सगळं तू त्या खेळात मांडलंस."

"हो बाई. होतं तसंच."

"होतं तसंच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. "हे वर्षानुवर्षं त्या खोलीत झोपायचे. आम्ही एका घरात राहत होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. चढावर कुणाला माहीत नव्हतं. मुलगी सुट्टीला यायची तेव्हा ती खाट उभी करून ठेवायचो, तेसुद्धा एक शब्द न बोलता. तिलाही माहीत नव्हतं. आता आहे. लांबच्या गावी आपल्या घरात बसून तिने तुझा खेळ खेळला. फोन केला आणि विचारलं, बाबांना तू सामानाच्या खोलीत टाकलं होतंस? ते गेल्या हिवाळ्यात गेले. आता ती माझ्याशी बोलत नाही."

भिंगरी पुढे झाली. "बाई, मला खरंच... मी फक्त दिसलं ते..."

"दिसलं म्हणून दाखवायचं?"

बाईंनी पदराने घाम टिपला, दार उघडलं आणि जाता जाता म्हणाल्या, "आणि कुणी कुणाला त्या खोलीत टाकलं होतं, ते तू मला विचारायचं नाहीस."

भिंगरी त्या दिवशी अर्ध्या कामातून उठून घरी आली. कॉम्प्युटर उघडला, सामानाच्या खोलीतली खाट पुसून टाकली. चादर, तांब्या, रेडिओ, चष्मा, सगळं. त्या जागी दोन ट्रंका ठेवल्या. चष्मेवालीला फोन करून नवा खेळ लगेच इंटरनेटवर चढवायला लावला. पण मनाला काही थारा नव्हता. ती घराभोवती फिरली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली. नवरा पायरीवर बसून बघत होता. म्हणाला, "काढलंस ना? मग झालं." तिला वाटलं, झालं असेल.

झालं नव्हतं. दोन दिवसांनी चष्मेवालीने तिला एक निरोप दाखवला. मास्तरीणबाईंच्या मुलीने पाठवलेला. एवढंच होतं: 'तुम्ही खाट काढलीत. म्हणजे ती खरंच होती.'

भिंगरीने तो दोनदा वाचला. खोटं बोलायला गेली नि खऱ्यावर शिक्का मारून बसली. मुलीला तोवर कदाचित शंका असेल, कुणी सांगावं, खेळ बनवणाऱ्याने मनाने काहीही घातलं असेल, असं तिने स्वतःला समजावलंही असेल. आता तीही वाट बंद. ती बाईंच्या नव्या घरी गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि एक स्वयंपाकाची जागा. एकाच खोलीत एकच पलंग. भिंगरी दारातच उभी राहून सगळं सांगून मोकळी झाली. ओरडा खायची तयारी करूनच आली होती.

बाई ओरडल्या नाहीत. उठून त्यांनी खिडकी लावली. मग म्हणाल्या, "मी बघितलेलं नाही ते. मुलीने सांगितलं तेवढंच मला ठाऊक. मला दाखव."

रविवारी दुपारी त्या भिंगरीच्या घरी आल्या. सासूबाईंनी चहा केला आणि मुलाला घेऊन शहाण्या माणसासारख्या बाहेर गेल्या. भिंगरीने खाटेसकट असलेला जुना खेळ उघडला. बाईंना बटणं जमेनात, म्हणून भिंगरीचा हात बटणांवर आणि बाई सांगायच्या. वर चल. डावीकडे. थांब. धुक्यातून त्यांचं दार आलं, भट्टीच्या दाराच्या आवाजाने उघडलं. बाई खोलीखोलीतून गेल्या. स्वयंपाकघरात म्हणाल्या, "डबे बरोबर आहेत." मग म्हणाल्या, "आता तिकडे."

सामानाच्या खोलीत खाट होती. बाई इतका वेळ बघत राहिल्या की भिंगरीचे पाय टेबलाखाली हलायला लागले. तिने ते हाताने दाबून धरले.

"रेडिओ तिथे नव्हता," बाई शेवटी म्हणाल्या.

"फळीवर होता बाई. मी दर वेळी..."

"तू यायचीस दुपारी. दुपारी फळीवर असायचा. रात्री उशाशी. ते ऐकत ऐकत झोपून जायचे आणि तो तसाच खरखरत राहायचा. मी उठून बंद करायचे." त्यांनी चहाचा कप उचलला, तो संपलेला होता, पुन्हा खाली ठेवला. "रोज. सकाळी त्यांना तो बंद सापडायचा. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. ते काही तुला मीटर बघताना दिसणार नव्हतं."

भिंगरी हळूच म्हणाली, "मुलीला हे सांगा ना."

"मग ती विचारेल, बंद करायला उठत होतीस तर बोलत का नव्हतीस." बाईंनी पडद्याकडे बघितलं. "नव्या जागी एकच खोली मिळाली. तिथे रेडिओ दोघांच्या मध्ये. एक दिवस मी म्हटलं, आवाज कमी करा. तेच पहिलं वाक्य. त्यानंतर बोलत होतो आम्ही. थोडे दिवस मिळाले."

बाई निघाल्या तेव्हा भिंगरीने विचारलं, खेळात काय करू? बाई म्हणाल्या, "आत्ता काही करू नकोस. आहे तसं असू दे. मला विचार करू दे."

त्या आठवड्यापासून भिंगरी चढावरच्या लोकांचे नवे पत्ते शोधत हिंडायला लागली. कामावरून सुटली की एका इमारतीत, रविवारी दुसऱ्या. प्रत्येकाला खेळ दाखवायचा आणि विचारायचं, तुमचं घर असं लोकांना दिसलेलं चालेल का? शिंपी म्हणाला, हे विचारायची काय गरज. न्हाव्याच्या बायकोने कांदा काढायच्या अटीवर हो म्हटलं. एका घराने हो म्हणण्याआधी जास्तीची एक खिडकी मागितली, कधीच नसलेली, समुद्राकडे उघडणारी. समुद्र कुठे होता तिथे? आणि कडेच्या घरातल्या एकट्या माणसाने दार साखळीएवढंच उघडून ऐकून घेतलं, "नको," म्हणाला, आणि लावून घेतलं. त्याला का नको, हे भिंगरीला पूर्वी नक्की जाणून घ्यावंसं वाटलं असतं. ती पायऱ्या उतरली आणि घरी जाऊन त्याचं घर काढून टाकलं. खेळात आता बंद दारं वाढत चालली. लोक लिहायला लागले, नव्या खेळात निम्म्या घरांत जाताच येत नाही, हा कसला खेळ. चष्मेवाली हिरमुसली. भिंगरी म्हणाली, "असू दे. खऱ्या चढावर तरी सगळी दारं कुठं उघडायची."

आणि अशाच एका रविवारी, ती बाहेर पडायच्या तयारीत असताना, दारात एक बाई उभी. हातात प्रवासाची बॅग, चेहरा मास्तरीणबाईंचा, फक्त केस काळे. मुलगी. ती आईकडे न जाता थेट इथे आली होती.

"तुम्ही आत जायचात," ती म्हणाली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. "आमच्या घरात दर महिन्याला जायचात. मला सांगा, ते कसे होते तिथे? त्यांना तिथे टाकलं होतं का? रडके दिसायचे? एकटे?"

भिंगरीच्या जिभेवर रेडिओ आला होता. अगदी टोकावर. ती दोन वाक्यं बोलली असती तर समोरच्या बाईचा चेहरा बदलला असता, हे तिला दिसत होतं. तिला सांगायचंच होतं, सांगितल्याशिवाय तिच्या अंगाला चैन पडणार नव्हती. ओठ उघडलेही. आणि मग तिने ते मिटले. ती गोष्ट तिने बघितलेली नव्हती. तिला ती दिलेली होती.

"मी मिनिटभर जायचे ताई," ती म्हणाली. "सर उठून मला टॉर्च धरायला मदत करायचे. म्हणायचे, सावकाश, डोकं आपटेल. एवढंच मला माहीत आहे. बाकीचं तुम्ही आईला विचारा."

"ती सांगणार नाही."

"कदाचित नाही सांगणार. पण विचारा."

मुलगी तशीच उभी राहिली. भिंगरीलाही बसवेना, त्यामुळे दोघीही चपला घालून निघाल्या, काही न ठरवता. शहर ओलांडून चालत गेल्या. बॅग आळीपाळीने धरली. वाटेत मुलीने विचारलं, त्या घरातल्या स्वयंपाकघराचे डबे खेळात कसे काय बरोबर मांडले होते. भिंगरीने सांगितलं, उंचीप्रमाणे होते, म्हणून लक्षात राहिले. मुलगी म्हणाली, "ते बाबा लावायचे." हे भिंगरीला ठाऊक नव्हतं.

चौथ्या मजल्यावर मुलीने दार वाजवलं. आतून पावलं आली. दार उघडायच्या आतच भिंगरी वळली आणि जिना उतरायला लागली. तिला मागे बघायचा इतका मोह झाला की तिने कठड्याला हात घट्ट धरला. खाली रस्त्यावर आल्यावर ती धावल्यासारखी चालत सुटली. आत काय बोलणं झालं ते तिला आजतागायत माहीत नाही.

बऱ्याच दिवसांनी बाईंचा फोन आला. मुलगी परत गेली होती, पुन्हा येणार होती. आवाजावरून काही कळायला मार्ग नव्हता. "खाट परत ठेव," बाई म्हणाल्या. "ट्रंका शोभत नाहीत तिथे. चादर, तांब्या, चष्मा, सगळं ठेव."

"आणि रेडिओ? उशाशी ठेवू?"

"रेडिओ नको," बाई म्हणाल्या. "रेडिओ इथे माझ्याकडे आहे."

पुढे चढावरची घरं पाडली. भिंगरीने खात्यात अर्ज देऊन तक्रारीची खुर्ची सोडली आणि रस्त्याखालची गळती शोधणाऱ्या टोळीत बदली मागून घेतली. तिथे दिवसभर चालायचं असतं, जमिनीला लोखंडी कांडी टेकवून खाली पाणी वाहतंय का ते ऐकत. नवरा म्हणतो, आता निदान जेवायला तरी बसते. सासूबाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात, बसते कसली, टेकते.